दोघे आल्यावर पेटणारा दिवा

मित्रांनो, मी लील्या, म्हणजे ओलसर हिरवट, चेवड्याचा पुठ्ठ्याचा जुना डबा. नाकाशी धरलंत तर अजून वास येईल! मिताली पाचवीत होती, तेव्हा कारेलीबागेतल्या घरी तिने मला रद्दीतून उचललं. पोटात सेल आणि तारा घातल्या, माथ्यावर छोटा दिवा आणि दोन बटणं बसवली.

या घरात दोन्ही भाऊ आल्याशिवाय गणपतीची आरती होत नाही. मितालीचे बाबा वाघोडियाच्या कारखान्यातून येतात, तुकोजीकाका शहरातल्याच अकोट्याहून. आल्यावर ज्याने त्याने आपलं बटण दाबायचं. दोन्ही दाबली की दिवा पेटेल, मग आईने निरांजन आणायचं. मितालीने दोन्ही बटणं एकदम दाबून पाहिली, दिवा पेटला. मग काय, मी ऐटीत गणपतीशेजारी बसलो.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं आणि मी लगेच पेटलो! घर सोसायटीच्या माणसांनी भरलेलं. आईने दिवा पाहून निरांजन आणलं, टाळ्या सुरू झाल्या. सुरू झालेली आरती मध्येच थांबवत नाहीत. काका हार घेऊन पोचले ते मंत्रपुष्पांजलीला.

"सरस! आमच्या वगर उरकली?" एवढंच आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत टोचून म्हणत, प्रसाद न घेता ते परतले.

मिताली रडरड रडली. "काका उद्या आलेच नाहीत तर?"

आई मला रद्दीत टाकायला निघाली. मला फार वाईट वाटलं.

"थांब ना आई, बघू तरी दे," म्हणत मितालीने मला उघडलं. दोन बटणांमधून दोन वेगळ्या वाटा दिव्यापर्यंत गेल्या होत्या. कुठलीही एक पुरेशी होती! तिने तारा सोडवून एकच वाट केली, आधी एका बटणातून, मग दुसऱ्यातून जाणारी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं. अंधार. मोदक गार होऊ लागले, काकांचा पत्ता नाही. शेवटी मितालीने फोन केला, "काका, तुमच्याशिवाय दिवा पेटतच नाही. आरती अडलीये."

काका आले. तोंड फुगलेलंच. त्यांनी बटण दाबलं आणि मी पेटलो. त्यांनी मला पुन्हा विझवलं, पुन्हा पेटवलं आणि हसले. "एम? असं होय? म्हणजे मी नाही, तर काही नाही?"

"तुम्ही आणि बाबा. दोघंही पाहिजेत."

आता मिताली कॉम्प्युटर शिकायला पुण्याला असते. यंदा काकांनीच हुकूम सोडला, "बेटा, तिसरं बटण बसव. तुझं. तू आल्याशिवाय आरती नाही."

मित्रांनो, घरातल्या मुलांनी जोडलेलं काही चुकलं, तर लगेच रद्दीवाल्याला हाक मारू नका. त्यांना ते उघडून बघू द्या. मी तेव्हा रद्दीत गेलो असतो, तर एवढी माणसं एकमेकांची वाट बघत बसलेली मला कधीच दिसली नसती.