अंगठ्याची सुट्टी

खानावळीच्या कढया घासून घासून सुनेचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता, की त्यावर बसलेली माशी घसरून पडायची. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. रेशनच्या दुकानात नव्याने आलेल्या यंत्राला तरी ते पटलं होतं. त्याने तीनदा अंगठा चाचपला आणि तीनदा लाल दिवा लावला. दुकानदार म्हणाला, रेघाच दिसत नाहीत. आठ दिवसांत महिना संपेल, तोवर ठसा उमटला नाही तर या महिन्याचं धान्य गेलं समजा.

घरात पिठाचा डबा रिकामा वाजत होता. कार्डावर मोठी माणसं आणखी दोनच. नवरा गवंडी, त्याच्या बोटांच्या रेघा विटांनी कधीच खाल्ल्या होत्या. उरल्या सासूबाई. फुकटच्या धान्याच्या रांगेत मी मेले तरी उभी राहणार नाही, असं त्यांनी पूर्वीच सांगून टाकलं होतं. आणि आईंना यावरून कुणी चकार शब्द बोलायचा नाही, अशी सुनेची घरात ताकीद होती.

मग सासूबाईंनी सुनेच्या उजव्या अंगठ्याला सुट्टी दिली. त्याला लोकरीची टोपी विणली. सकाळ-संध्याकाळ तेल चोळलं. सुनेने कपबशी उचलली तरी त्या आतून "अंगठा!" म्हणून दरडावत. घरची भांडी त्यांच्या गवंडी लेकाकडे गेली. त्याने पहिला तवा असा घासला, की शेजारीण त्यात बघून भांग पाडून गेली.

खानावळीत कुठली सुट्टी? तिथे सून सगळं डाव्या हाताने घासू लागली.

आठव्या दिवशी उजव्या अंगठ्यावर नांगरलेल्या शेतासारख्या रेघा उठल्या. आपली कामगिरी बघायला सासूबाई सोबत गेल्या. रांगेत नाही, दुकानाच्या पायरीवर बसल्या. टोपी निघाली, अंगठा टेकला. लाल दिवा.

दुकानदाराने यंत्राच्या पडद्यात डोकं घातलं. "बाई, तुमचा नोंदवलेला अंगठा डावा आहे."

सुनेला तेव्हा आठवलं. नोंदणीच्या दिवशी उजव्याला सुरी लागून पट्टी बांधलेली होती, म्हणून डावा दिला होता. आता तो डावा आठ दिवस कढया घासून आरसा झालेला.

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. पायरीकडे नजर जाऊ दिली नाही.

"चला आई, ऊन वाढतंय."

सासूबाई उठल्या आणि सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. सून मागोमाग धावली, हळूच म्हणाली की असू द्या, काहीतरी करू आपण.

"काय करशील? दहा वर्षं मला एक भांडं घासू दिलं नाहीस. तो अंगठा काय आता मी वर घेऊन जाऊ?"

पुढे अकरा माणसं होती. सासूबाई मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या. सुनेने त्यांचा पदर धरून ठेवला, पोरीने धरावा तसा.

त्यांचा अंगठा यंत्राला टेकतो न टेकतो तोच हिरवा दिवा लागला. दुकानदार म्हणाला, असा कोरा करकरीत ठसा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

परतताना पोतं सुनेच्या डोक्यावर आणि लोकरीची टोपी सासूबाईंच्या अंगठ्यावर. घरी लेक आनंदाने म्हणाला, म्हणजे आता माझी भांड्यांतून सुटका.

"तुझी कसली सुटका?" सासूबाई म्हणाल्या. "यंत्र तुला ओळखतच नाही. घास तू."