सलामाचं उत्तर

"हेही तुम्हीच धुवा, खाला," भाची म्हणाली आणि ओढणीखालून फोन काढून तिनं आपाच्या पुढ्यात ठेवला.

आपाला आधी काही उमगलंच नाही. दुपारची, जोहरची नमाज आटोपून ती नुकतीच भिंतीला टेकली होती. काल याच घरात तिनं धाकट्या बहिणीला, म्हणजे या पोरीच्या आईला, शेवटची आंघोळ घातली होती. खांदे अजून ठणकत होते.

"अम्मीचा फोन आहे. संध्याकाळी चाचा नेणार, दुकानात वापरायला. आत अम्मीचे फोटो आहेत, दवाखान्यातले, डोक्यावर काही नसलेले. कायकाय बोलून ठेवलंय तेही आहे. असा कसा देऊ त्यांच्या हातात? आणि मला तर तो उघडवत नाही."

"मग मी?"

"मय्यतीचं जे दिसतं ते तुम्ही कुणाला सांगत नाही. अम्मी म्हणायची."

पोरगी बोलत होती, पण नजर खिडकीकडे. काल आपा बसमधून उतरून दारात आली, तिनं सलाम केला, तेव्हाही हिनं तोंडातल्या तोंडातसुद्धा उत्तर दिलं नव्हतं. दुःखाचं घर म्हणून आपानं ते मनावर घेतलं नाही. पण आता उठता उठता पोरीच्या पोटातलं ओठांवर आलंच.

"सहा महिने अंथरुणाला खिळली होती ती. मी म्हटलं, मी फोन करते खालाला. तर म्हणायची, तू करू नकोस, मी कळवलंय, तिला यायचं तेव्हा येईल. आणि तुम्ही आलात कधी, तर तिला उचलायच्या वेळी."

"मला कोणी कळवलं गं? शपथ घेते..."

"शपथा कशाला घेता," भाची म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

आपा तशी मोठी शिस्तीची बाई. तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि मोहल्ल्यातल्या बाया वारल्या की त्यांना गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देण्याचं काम सवाबासाठी, पुण्य म्हणून, अंगावर घेतलं. चादर सरकू द्यायची नाही, लागेल तेवढंच बघायचं आणि जे दिसलं ते तिथंच सोडून घरी यायचं. हातात स्मार्टफोन आला तेव्हा त्यालाही तिनं अशीच शिस्त लावली. फोनमध्ये कुराण होतं, म्हणून तो मोरीकडे न्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही. गाणी नाहीत, फोटो नाहीत. वर स्वतः शिवलेलं जाड कापडाचं कव्हर. सुनेनं एकदा विचारलं होतं, "अम्मी, फोनलाही बुरखा?" आपा हसली होती, पण कव्हर काही काढलं नाही.

बायकांच्या बैठकीत शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं, फोन हे घराचं दार आहे, नको ते माणूस आत येऊ देऊ नका, त्यासाठी हे बटण. आपानं ते बटण पहिल्याच दिवशी पाठ केलं. भलतेसलते फोटो पाठवणारे, रात्री-अपरात्री उगाच फोन करणारे, सगळ्यांना तिनं हाकललं. दुसऱ्या बायकाही तिच्याकडून शिकून गेल्या. पोरीबाळी तिला मागून 'ब्लॉकवाली आपा' म्हणायच्या, तेही तिच्या कानावर होतं.

अडीच वर्षांपूर्वी धाकटीनं एक फोटो सगळ्या नातेवाइकांना दिसेल असा लावला. या भाचीच्या साखरपुड्यातला. आपा खो खो हसतेय, ओढणी खांद्यावर घसरलेली. आपाचा तोल गेला. तिनं लगेच फोन लावला. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस," म्हणाली. धाकटी म्हणाली, "अगं, किती छान हसलीयेस त्यात!" त्या 'छान'नं तर आपाचं डोकंच फिरलं. तिनं फोन ठेवला आणि ते बटण दाबलं.

बटण दाबलं की समोरच्याला कळतं आणि तो गप्प बसतो, असं तिला वाटायचं. बाकीचे बसलेच होते की. धाकटीला माफी मागायची असेल तर तिच्या गावाहून बस आहे, तीन तासांचा रस्ता, येईल. आपा वाट बघत राहिली, आणि ती येईना तसा राग घट्ट होत गेला.

आता तिनं बिस्मिल्ला म्हणून फोन उघडला. हात आपसूक कालच्यासारखा चालू लागला. अर्धा पडदा तळहातानं झाकून तिनं फोटो पुसले, नीट न पाहता. मग मेसेज. दूधवाला, शिवणवाली, औषधाचं दुकान. एकेक पुसत ती खाली आली आणि तिथं तिचंच नाव होतं. 'माझी आपा.'

आत व्हॉइस मेसेज होते. बोटानं वर सरकवत गेली तर संपेनात. प्रत्येकापुढं एकच टिक. पोचलेल्याला दोन असतात, हे तिनंच कितीतरी बायकांना शिकवलं होतं. म्हणजे यातला एकही तिच्यापर्यंत आला नव्हता.

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं. पण हे तिच्यासाठीच होतं. तिनं पहिला लावला.

"आपा, अस्सलामु अलैकुम. काढला गं तो फोटो. अर्ध्या तासात काढला. चुकलं माझं. आता बोल."

आपाच्या तोंडून निघून गेलं, "वालेकुम सलाम." सलामाचं उत्तर अंगावर ठेवायचं नसतं, हे तिनं आयुष्यभर पोरींना बजावलं होतं. तिनं तो मेसेज पुसला आणि पुढचा लावला.

"आपा, अस्सलामु अलैकुम. दात बसवून घेतलेत नवीन. घोड्यासारखी दिसते. आता माझा फोटो लाव तू, फिटंफाट."

"वालेकुम सलाम," आपा म्हणाली. तिला हसू आलं आणि लगेच हुंदका.

"आपा, अस्सलामु अलैकुम. पोटात गाठ निघाली. पोरीला अजून सांगितलं नाही, तुलाच सांगतेय पहिल्यांदा."

"वालेकुम सलाम, बाळा."

"आपा, अस्सलामु अलैकुम. रागाव तू, पण मला न्हाऊ घालायला तूच ये हं. बाकीच्यांचे हात गार असतात."

काल आपानं पाणी दोनदा कोमट करून घेतलं होतं. कोपर बुडवून पाहिलं होतं.

चहा घेऊन भाची दारात आली तेव्हा आपा फोन कानाशी धरून सलामाची उत्तरं देत होती, एकामागून एक.

"कोणाशी बोलताय?"

आपानं फोन तिच्यापुढं धरला. "तिनं कळवलं होतं. तुझं खरं होतं. मीच तिला ब्लॉक केलं होतं, त्या फोटोवरून. परक्या पुरुषांसाठी शिकलेलं बटण मी माझ्या बहिणीवर चालवलं. इतकं सांभाळलं गं मी फोनला, आणि हेच सांभाळलं नाही."

भाचीनं त्या एकेकट्या खुणा पाहिल्या. आजकालची पोर, तिला समजवायची गरज नव्हती. चहाचा कप तिच्या हातातच राहिला.

शेवटचा मेसेज चार दिवसांपूर्वीचा होता. त्यात सलाम नव्हता. शब्दही नव्हता. नुसता श्वास, ओढून घेतलेला, मध्ये मध्ये अडकणारा. आपानं तो पूर्ण ऐकला. उत्तर द्यायला काही नव्हतं, म्हणून मग तीच म्हणाली,

"अस्सलामु अलैकुम, धाकटे."

आणि उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबली. फोनचा पडदा विझला.

भाची खाली बसली. कप बाजूला ठेवून तिनं आपाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वालेकुम सलाम, खाला," ती म्हणाली. "हे अम्मीचं नाही. माझं आहे. काल दारात राहिलं होतं ते."

आपानं मान हलवली. चाचा यायला अजून अवकाश होता. तिनं विझलेला फोन ओढणीच्या टोकानं पुसला आणि भाचीच्या हातात दिला. तो शेवटचा मेसेज तेवढा पुसायचा राहिला होता.