मनकर्णाबाईंचे गुडघे आणि माझी घंटी

मित्रांनो, माझ्या मडगार्डावरचा गंज पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी लेडीज सायकल आहे, आणि मला आयुष्यात बसले तेवढे धक्के नागपूरच्या खड्ड्यांनीही कधी दिले नाहीत.

कारखान्यात माझा मधला दांडा वाकवून खाली नेला, पातळ अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसवली, अंगाला हिरवा रंग दिला. एकोणीसशे अडुसष्ट साली मी सीताबर्डीच्या दुकानात उभी राहिले. दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "कोनत्याही बाईमाणसाले फिट!" मी ते खरे मानले. स्तुती कोणाला आवडत नाही?

महाल नावाच्या वस्तीतल्या चंपतरावांनीही खरे मानले. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई नर्स. एका प्रसूतिगृहात त्यांना नोकरी मिळत होती, पण घरोघरी बाळंतिणी तपासायच्या म्हणून अट होती: सोमवारी सायकलवर या, नाहीतर जागा दुसरीला. चंपतराव एकटेच येऊन मला घेऊन गेले. बायकोच्या सायकलीसाठी बायकोला दुकानात नेण्याची रीत तेव्हा नव्हती.

मनकर्णाबाई दारात आल्या आणि मी हादरले. केवढी ती उंची! त्या अंगणात उभ्या राहिल्या की कावळे खांब समजून डोक्यावर बसायला येत. खोटे वाटते? कावळ्यांना विचारा. त्यांनी पायडल मारले आणि गुडघा थेट घंटीवर. ट्रिंग! प्रत्येक फेऱ्याला ट्रिंग! अर्धा महाल घाबरून ओट्यांवर चढला. त्या सीट वर करायला गेल्या, तर नळीच हातात आली. चिटणीस पार्कात आठवडाभर त्या नुसत्या पडत राहिल्या.

"तुले नाई जमत," चंपतराव म्हणाले. "सायकल तं बायकाइचीच हाय."

"मंग मी कोनाची हाय?" गुडघ्याला हळद लावत मनकर्णाबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या निघाल्या आणि गल्लीच्या तोंडाशीच माझ्यासकट नालीत गेल्या. पांढरे पातळ काळे झाले. नोकरी गेलीच, म्हणून त्या तिथेच रडू लागल्या. तेव्हा सासू तुळसाबाई बाहेर आल्या.

"रडून काहून राहिली वं? ऊठ. माहं लुगडं नेस, कासोटा घाल, अन् चंपतची सायकल घे."

चंपतची सायकल! ती काळी, उंच, मधोमध आडवा दांडा असलेली! माझ्या चाकांच्या तारा थरथरल्या. दात घासणारे चंपतराव राखुंडीचे बोट तोंडातच ठेवून म्हणाले, "माय, लोकं काय म्हनतीन?"

"लोकाइच्या बाया बाळंत होऊ दे, मंग विचारजो!"

नऊवारीचा कासोटा घातलेल्या बाईला माझ्या वाकवलेल्या दांड्याचे काय कौतुक? मनकर्णाबाईंनी टांग टाकली आणि अशा सुटल्या, की टांग्याचा घोडा चारा तोंडात धरून पाहतच राहिला. नोकरी मिळाली! मी मात्र नालीतून निघून घराच्या भिंतीला टेकून अवाक. लेडीज मी, आणि बाई गेली जेन्ट्‌सवर!

इकडे चंपतरावांना सदर भागातल्या ऑफिसात जायचे होते. घरात उरले होते कोण? मीच. ते मान खाली घालून माझ्यावर बसले. चंपतराव ठेंगणे, आपल्या सायकलीवरून उतरायला त्यांना एखादा दगड शोधावा लागे. माझ्यावरून त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. ते चकित, मी त्यांच्याहून चकित.

ऑफिसात सोबतचे रुपराव म्हणाले, "काय गा चंपतराव, वैनीची सायकल?"

"दुरुस्तीले नेऊन राहिलो."

मित्रांनो, ती दुरुस्ती पंधरा वर्षे चालली! माझी रोज पुसपास व्हायची, चेनला तेल मिळायचे. पुढे चंपतराव निवृत्त झाले आणि मी जिन्याखाली गेले. टायर तडकले, जाळीत कोळ्यांनी संसार थाटले. एक दिवस भंगारवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "लेडीज है क्या, बाबूजी? दे दो."

चंपतराव पुढे आले. माझ्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "मेरी है."

भर गल्लीत, मोठ्याने! मी इतकी दचकले, की स्टँडवरून पडता पडता राहिले.

तेव्हा मित्रांनो, आपल्या सायकलीला ओलीत ठेवू नका, अधूनमधून तेल द्या. आणि ताईसाठी सायकल घ्यायची असेल, तर ताईलाच दुकानात न्या. तिला बसू द्या, पायडल मारू द्या, मग काय ते ठरवा. दुकानदाराचे ऐकू नका. त्याने मलासुद्धा फसवले होते.