पुसायचं बटण

मास्तरांनी फोटोग्राफीचा वर्ग बंद करायचं ठरवलं होतं आणि आज ते विद्यार्थ्यांना सांगायचं होतं. उभा जन्म शिकवण्यात गेला होता त्यांचा. डार्करूमच्या लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चेहरा उमटू लागला की वात्रटातल्या वात्रट पोराची बोलती बंद व्हायची. त्या क्षणासाठीच तर मास्तर शिकवत आले होते. आता डिजिटल कॅमेरा खटकन फोटो काढतो आणि लगेच दाखवतोही. मग आपण मध्ये कशाला लुडबुडायचं?

जाता जाता शिस्त मात्र सोडली नव्हती. फळ्यावर ठळक लिहिलेलं होतं: नापास फोटो घरीच पुसून टाकावेत.

सगळ्यांच्या आधी त्यांची थोरली बहीण आली. जन्मभर शिवणकाम केलेली ताई आता हौस म्हणून वर्गात बसायची आणि मास्तरांना सर्वांदेखत 'अरे' म्हणायची. तिने कॅमेरा पुढे केला.

"खिडकीतला कप काढलाय. पण पुसायचं बटण काही सापडलं नाही रे. सगळा कचरा तसाच आहे आत."

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्यापासून बघायला घेतलं.

पहिला फोटो काळाठिक्कर. दुसरा पांढराफटक. मग कप तिरका, मग नुसताच पडदा. हसू दाबत ते पुढे गेले. पुढच्यात पडदा जरा सरकला होता. मग कप वळला, त्याच्या कडेवर उजेडाची रेघ आली. ती जाडावली, पुन्हा बारीक झाली. फोटोमागून फोटो, अंधारातून कप वर येत होता. मास्तर पुन्हा पहिल्या फोटोवर गेले आणि सावकाश पुढे येऊ लागले.

फिल्मच्या रोलच्या दिवसांत पोरं जपून जपून फोटो काढत आणि रोल धुऊन चुकलं कुठे ते कळेपर्यंत तो उजेड विसरलेला असे. मास्तरांनी ट्रेमध्ये हजारो चेहरे उमटताना पाहिले होते. माणसाची नजर उमटताना ते आज पहिल्यांदा पाहत होते.

"शेवटचा बरा आहे ना?" ताईने विचारलं. "बाकीचे नापास पुसून दे बाबा एकदाचे."

"हात लावशील तर बघ." मास्तरांनी कॅमेरा स्वतःकडे ओढला. "तू शिकताना दिसतेयस यात."

जिन्यात पावलं वाजली. मास्तर उठले, फळ्यावरची ओळ पुसली आणि तिथे लिहिलं: पुढच्या वर्गाला नापास फोटोही आणावेत.

"सापडलं वाटतं तुला बटण," ताई म्हणाली.