थरथरीची गाळणी

ज्यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, त्या बाबांच्याच हाताला म्हातारपणी कंप सुटावा, ही नशिबाची थट्टाच म्हणायची. दुकान बंद झालं, आणि गृहस्थांनी कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळाचं वेड घेतलं.

खेळ माउसवर चालायचा. उजवं बटण एकदा दाबलं की पडद्यावरच्या बाणाची अधिकची खूण व्हायची, आणि ती जिकडे सरकेल तिकडे विमान वळायचं. बाबांचा हात थरथरला की विमानही थरथरायचं. धावपट्टी जवळ आली की त्यांचा धीर सुटायचा. "बाळ, धर गं!" मग लेक त्यांच्या हातावर हात ठेवून विमान उतरवायची.

"हे कसलं उतरवणं?" बाबा फुरंगटायचे. "एकदा तरी मला एकट्याला उतरवायचंय."

लेक सॉफ्टवेअरवाली. तिनं एक गाळणी लिहिली. बाबांच्या कंपाचा ठेका मोजून घेतला, आणि विमान उडत असताना तेवढाच कंप उलट्या बाजूनं मिसळायची सोय केली, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. बाण असताना मात्र गाळणी चालत नसे. गाळणी तयार झाली आणि बाबा गेले. एकट्यानं उतरवायचं राहून गेलं, ते तिच्या मनाला लागून राहिलं.

आज दुपारी दादा कॉम्प्युटर न्यायला येणार होता. "सगळं पुसून ठेव," असं त्यानं फोनवर बजावलं होतं. पुसण्याआधी एकदा उडवावं म्हणून ती बसली.

विमान उडालं आणि थरथरू लागलं. तिचा हात तर दगडासारखा स्थिर होता. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर थरथरणारा हातच नव्हता, आणि गाळणी बिचारी नसलेला कंप इमानेइतबारे खोडत बसली होती. "वेडे, ते गेले गं," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. माउस सोडून तिनं डोळे पुसले.

डोळे उघडले तेव्हा विमान सरळ चाललं होतं.

गाळणी चालूच होती. माउस टेबलावर जागच्या जागी होता. विमान सरळ उडायचं तर पलीकडून कुणाचा तरी हात थरथरायला हवा होता.

धावपट्टी जवळ आली. सवयीनं तिचा हात पुढे गेला, आणि तिनं तो मागे घेतला. आज ती धरणार नव्हती. विमान खाली आलं, चाकं टेकली, जरासुद्धा हिसका बसला नाही.

पडद्यावर प्रश्न आला: पुन्हा उडायचं? खुणेचा परत बाण झाला, आणि आता मध्ये गाळणी नव्हती. बाण थरथरत "हो"कडे निघाला, पुढे घसरला, चिडल्यासारखा मागे आला. तिसऱ्या खेपेला जमलं. विमान पुन्हा धावू लागलं.

बाहेर बेल वाजली. दार उघडून ती उंबरठ्यातच उभी राहिली.

"पुसलंस ना सगळं?" दादानं विचारलं. "चल, गाडी खाली उभी आहे."

"आज नको नेऊस, दादा."

"का गं?"

"अजून वापरात आहे."