किटलीतली पांढरी रेघ

मी एक जुनी किटली आहे, दुधाची. माझ्यासारखीने आपली गोष्ट सांगावी का, या विचाराने मी बरेच दिवस गप्प होते. पण मित्रांनो, मी समुद्र पाहिला आहे, आणि काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर तो फारसा कुणी पाहिलेला नाही.

माझी मालकीण छबूबाई. पहाटे म्हशीची कोमट धार माझ्यात पडायची, एवढेच माझे जग. तिच्याच घरी शाळेच्या लीनाबाई भाड्याने राहतात. त्या विज्ञान शिकवतात. एकदा समुद्रातल्या जीवांचा धडा चालू असताना संस्कृती नावाच्या मुलीने विचारले, "बाई, तुमी पायलाय का समुद्र?"

"नाही गं."

वर्ग हसला असता तर बरे झाले असते. तो गप्प झाला, ते बाईंना लागले. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांसाठी कोकणात शिबिर होते. बाईंनी नाव घातले आणि मुलांना शब्द दिला, "येताना तुमच्यासाठी समुद्र आणीन."

घट्ट झाकणाचे भांडे हवे होते. छबूबाईने मला पुढे केले. "घ्या. पन दुधाची हाय बाई. मासळी न्हाई घालायची तिच्यात."

तिथे ओहोटीला खडक उघडे पडत. बाई शेवाळावरून घसरत, धडपडत जात. खडकावर तारेची चौकट ठेवायची आणि तिच्या आत कोण कोण राहते ते पाहायचे. शिबिराचे सर सांगत, "दगड उचललात तर होता तसाच ठेवा. ते कुणाचं तरी छप्पर आहे." पहिल्या दिवशी बाईंच्या हातून एक दगड उलटा राहिला. पाणी चढू लागले होते, तरी त्या परत गेल्या आणि तो सरळ करून आल्या.

शेवटच्या सकाळी त्यांनी मला खडकातल्या डबक्यात बुडवले. पाण्याबरोबर एक इवलासा खेकडा आत आला, पाठीवर शंख घेतलेला. तो माझ्या तळाशी चालू लागला. इतकी वर्षे दूध वाहिले, पण माझ्या आत कधी कुणी चालले नव्हते. बाई कितीतरी वेळ वाकून पाहत राहिल्या. मुलांना दिलेला शब्द त्यांच्या हातात होता. मग त्यांनी मला हळूच कलते केले.

तो गेला. मला वाटते, मी त्याच क्षणी जुनी झाले.

घरी आल्यावर पाण्याला वास लागू नये म्हणून बाईंनी मला झाकण काढून ओट्यावर ठेवले. उन्हाने पाणी जरा उतरले. शाळा उघडली त्या सकाळी बाई आवरत होत्या, तेव्हा छबूबाईने मला उचलले. आमच्याकडे भांडी धुतलेले पाणीही वाया जात नाही. तिने सगळा समुद्र कढीपत्त्याच्या मुळाशी ओतला आणि राखेची मूठ भरली.

"मावशी, घासू नका!"

"अवं, पार कळकट झालीया! शिळं पानी हुतं, झाडाला घातलं."

बाई ओट्यावर येऊन बसल्या. छबूबाईची मूठ तशीच राहिली. "आता वं बाई? पोरं तर वाट बघत असत्याल."

बाईंनी माझ्यात डोकावून पाहिले. जिथवर पाणी होते, तिथे एक पांढरी रेघ उरली होती.

वर्गात मुले रांगेने आली. मागच्यांना उरावे म्हणून प्रत्येकाने जरासेच बोट फिरवले आणि जिभेला लावले.

"बाई, हे तर नुसतं मीठ हाय," संस्कृती म्हणाली.

"हो. पण हे ओलं होतं ना, तेव्हा याच्यात एक खेकडा चालत होता." बाईंनी सगळे सांगितले.

"मग आनला का न्हाई त्याला?"

"इथे तो जगला नसता गं."

संस्कृती रेघेकडे बघत राहिली. "त्याला येता येत न्हाई, तर आपुनच जाऊ की."

बाईंनी होकाराची मान हलवली.

कढीपत्ता वाळला. "तुमच्या समुद्रानं माझं झाड खाल्लं," असे छबूबाई अजून ऐकवते, पण मला घासायला परत मागत नाही. मी आता शाळेच्या कपाटावर असते. माझ्यात दूध कुणी घालत नाही. हवा दमट झाली की ती रेघ ओलसर होते, आणि मला वाटते, भरती आली. कदाचित तो माझा भासही असेल.

मित्रांनो, मला लख्ख करू नका. सहल निघेल तेव्हा सोबत न्या. आणि माझ्या आधी तुमच्यापैकी कुणी तिथे पोहोचले, तर दगड उचलून जरूर पाहा. मग होता तसाच ठेवा. खाली तो असेल.