चारशे पावलांच्या आत

सोळाशे बेचाळीसच्या जूनमध्ये स्वीडनची फौज दोन दिवसांच्या वाटेवर आली, तेव्हा आमच्या नगरसभेने ठराव केला की, तटापासून चारशे पावलांच्या आतील प्रत्येक इमारत जाळावी, म्हणजे शत्रूच्या तोफांना आडोसा उरणार नाही. आणि आग ज्याची इमारत त्यानेच लावावी, म्हणजे पुढे शेजाऱ्यावर खापर फोडता येणार नाही. मसुदा माझा होता. दोरीने मापावे असे दोघा सभासदांचे म्हणणे पडले, ते मी खोडून काढले: दोरी ओलीने आखडते, पाऊल आखडत नाही. मग मापण्याचे कामही माझ्याच गळ्यात आले.

सकाळपासून मी एकवीस घरे मापली. वाल्पुर्गा या विधवेचे घर तीनशे अठ्ठ्याण्णव पावलांवर भरले. तिने निमूटपणे स्वतःच्या छपराला पलिता लावला आणि कोंबड्यांची पाटी घेऊन ती रस्त्याच्या कडेला बसली. दुपारी तिच्या समोरच्या आवाराशी पोहोचलो, तेव्हा तीनशे शहाण्णव पावले झाली होती. आवार माझ्या धाकट्या बहिणीचे, आपोलोनियाचे. तिचा नवरा किलियान कातडी कमावीत असे. ओकच्या सालीच्या पाण्याने भरलेली नऊ कुंडे तिथे होती. त्यांतली कातडी अजून चार महिने हलवता येण्याजोगी नव्हती, कारण अर्धवट कमावून बाहेर काढलेले कातडे सडते.

"दादा, पुन्हा मोज," आपोलोनिया म्हणाली. "बगळ्यासारख्या ढांगा टाकतोस. यांना मोजू दे."

किलियान एका पायाने लंगडा. त्याच्या चालीने पाचशे सहज भरली असती.

"मापणारा मी आहे."

"ठरावात लिहिलंय, कुणाचं पाऊल ते?"

लिहिलेले नव्हते.

"मग चूक तुझी, आणि घर माझं जाळायचं होय?"

"दाजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी कशाला सांगू? चाळीस वर्षांत या पायाचा आज पहिल्यांदा काहीतरी उपयोग दिसतोय," असे म्हणून किलियान मोजायला तटाकडे निघालासुद्धा.

बुरुजावर शिंग वाजले. दक्षिणेकडे धूळ दिसू लागली होती. नियमातील संदिग्धता नेहमी सोसणाऱ्याच्या बाजूने सोडवावी, हे मत सभेत मीच वर्षानुवर्षे मांडत आलो होतो, आणि त्या न्यायाने आपोलोनियाचे म्हणणे बिनतोड होते. परंतु ते मान्य करताच रस्त्यापलीकडचा तो धुमसता ढिगारा विनाकारण जाळलेले घर ठरत होता.

"मोजू द्या की त्यांना," वाल्पुर्गा बसल्या जागेवरून म्हणाली. "आणि मग माझंही मोजा त्याच पायांनी. जागा आहे अजून तिथंच."

"दाजी, मागे फिरा," मी ओरडलो. "सगळ्यांना एकच पाऊल. माझं."

न्यायासाठी नकार दिला की चूक झाकण्यासाठी, हे मी तेव्हा तपासले नाही. आजही दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो.

किलियानने पलित्याला हात लावला नाही. आपोलोनियाने तो माझ्या हातातून घेतला, आधी सालीच्या कोठाराला लावला, मग घराला. कुंडांतले पाणी उकळू लागले तसा असा दर्प सुटला की वाल्पुर्गाच्या कोंबड्या पाटीत फडफडू लागल्या.

वेशीवर रांग लागली होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने कुणाच्या घरी उतरणार ते सांगायचे, नाहीतर आत प्रवेश नाही. पहारेकऱ्याने आपोलोनियाला विचारले, तेव्हा मागून मी माझे नाव सांगितले.

"नाही," आपोलोनिया म्हणाली. "चर्चच्या ओसरीत लिहा. दोघं."

ओसरीला दारे नाहीत, वेढा किती महिने चालेल ते ठाऊक नाही, किलियानच्या पायाला गारठा सोसत नाही, माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, असे मी एकामागून एक मुद्दे मांडले. तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मागून लोक शिव्या देत होते.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग वाट सोड. मागची गाडी यायचीय."

मी बाजूला झालो. पहारेकऱ्याने 'चर्च' असे लिहिले आणि पुढच्याला हाक मारली.